पिल्लू असलेला ठिपका

ग्रेलिंग नॅरोज
१३ मे १९८७

क्लेमेन्स,

ताजी बातमी ही, की माझा डावा सुळा काढावा लागणार आहे. दवाखान्यातल्या मॅक्सीन नर्सने काल, मंगळवारी, हे पक्कं सांगितलं. तिने रेडिओफोनवरून दातांच्या डॉक्टरला विचारलं होतं. मुळाशी पू आहे, तो वर चढतोय. डॉक्टर २८ तारखेला येईल. तोवर गोळ्या.

सध्या तळ्यावरचा बर्फ ना चालण्याजोगा, ना वल्हवण्याजोगा. विमान बर्फावरही उतरू शकत नाही आणि पाण्यावरही. म्हणजे ही चिठ्ठी लिहून झाली तरी आठ-दहा दिवस वस्तीच्या कचेरीत, बॅन्ड ऑफिसच्या पेटीत पडून राहील. चिठ्ठीचीही, डॉक्टरचीही अडचण एकच.

पत्ता मला नॉर्बर्टच्या मुलीने दिला. ती म्हणाली तू सॅस्कटूनमध्ये शिवणकामाच्या दुकानात आहेस आणि बरी आहेस. चौकशी मी केली नव्हती, तिनेच सांगितलं. खरं म्हणजे मी केली होती.

दात गेला की साल चावणं संपलं, भूर्जाचा पापुद्रा दुमडून दातांनी ठिपक्यांची नक्षी उमटवणं संपलं. उजवा सुळा आहे, पण एकट्याने भागत नाही. वरचा-खालचा, डावा-उजवा, चारही लागतात, नाहीतर रेघ तिरकी जाते. आईचे दात साठीत गेले. माझे चोपन्नाव्या वर्षी जातायत. गावात आता चावणारं दुसरं कुणी नाही. शाळेतल्या मुली शिकायला येतात, दोन फुलं चावतात आणि म्हणतात, "कोकुम, आजी, जबडा दुखतो." मग चिप्स खातात.

दुसरी बातमी. शहरातल्या संग्रहालयाची माणसं ११ जूनला येणार आहेत. डॉ. व्हिटकॉम्ब नावाची बाई आणि एक फोटोवाला. एप्रिलमध्ये त्यांचं पत्र आलं. पाणकमळ आणि त्याभोवती आठ चतुर, ते जे त्यांच्याकडे १९६९पासून आहे, तेच मी पुन्हा एकदा कॅमेऱ्यासमोर चावून दाखवावं अशी त्यांची इच्छा आहे.

दात २८ला जाणार आणि ती माणसं ११ला येणार. मॅक्सीनने तारीख सांगितली तेव्हा मला बरं वाटलं. का, ते तुला ठाऊक आहे.

मी वेखंडाची मुळी चघळतेय. मॅक्सीनच्या गोळ्यांपेक्षा तिने जास्त फरक पडतो, पण मॅक्सीनला सांगायचं नाही.

अडेलाइन


२९ मे

क्लेमेन्स,

बर्फ रविवारी गेला. दक्षिणेच्या वाऱ्याने एका दुपारीत सगळा ढकलून पलीकडच्या किनाऱ्यावर नेला. मंगळवारी पहिलं विमान उतरलं आणि माझी चिठ्ठी घेऊन गेलं. काल डॉक्टर आला.

सुळा अजून तोंडातच आहे.

झालं ते असं. मी खुर्चीत बसले, तोंड उघडलं. डॉक्टर लेव्हेस्क तरुण आहे, हात थंड. त्याने आरशाने पाहिलं आणि म्हणाला, "या दाताचा टवका कधी उडाला?" मी म्हणाले, "नवव्या वर्षी. मूस हरणाच्या नळीतला मगज काढताना." तो म्हणाला, "म्हणजे बरीच वर्षं झाली की." मी म्हणाले, "पंचेचाळीस." मग त्याने सुई भरायला घेतली आणि मी उठले.

मॅक्सीन दारात आडवी उभी राहिली. तिच्या अंगाचा आकार तुला माहीत नाही, पण दार पूर्ण भरतं.

"कुठे निघालात, बातमीवाल्या रेडिओबाई?"

"घरी."

"हा दात आहे, बातमी नाही. दाबून ठेवलात म्हणून शिळा होऊन विसरला जाणार नाही. उद्या डोळ्यापर्यंत जाईल."

"थोडे दिवस."

"किती थोडे?"

मी कोट चढवला. डॉक्टरने बाकीच्या एकोणीस जणांचे दात पाहिले आणि आज सकाळी गेला.

आता जे लिहायचं ते लिहिते.

टवका उडाल्यापासून माझ्या प्रत्येक ठिपक्याशेजारी एक बारीक ठिपका उमटतो. आई त्याला पिल्लू म्हणायची. "अडेलाइनचा ठिपका कधी एकटा फिरत नाही, पिल्लू घेऊन फिरतो." तुझे ठिपके एकटे असायचे, सुईने टोचल्यासारखे. आईच्या बिस्किटांच्या डब्यात आपल्या तिघींच्या साली एकत्र असायच्या, पण कुणीही खिडकीशी धरून सांगू शकायचं, कुठली कुणाची.

१९६९च्या जुलैत संग्रहालयाची ती हिरव्या जाकिटातली बाई आली तेव्हा तू क्षयाच्या सॅनटोरियममध्ये होतीस. तिने डब्यातल्या अकरा साली निवडल्या. नॉर्बर्ट दुभाषा होता. तुझं पाणकमळ तिने खिडकीशी धरलं. मग विचारलं, हे कुणी केलं.

मी म्हणाले, "आम्ही."

"आपण" नाही म्हणाले, "आम्ही" म्हणाले. म्हणजे मी आणि तू, ती बाई सोडून. आपल्या भाषेत तेवढं पुरलं असतं. पण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, आणि तिच्या कागदावर नावासाठी एकच ओळ. ती म्हणाली, एक नाव सांगा. नॉर्बर्टने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. आई जाळं दुरुस्त करत होती, तिने मान वर केली नाही. नॉर्बर्टने माझं नाव लिहिलं, कारण खोलीत मीच होते.

मी खोटं बोलले नाही, हे मी अठरा वर्षं स्वतःला सांगत आलेय. हे वाक्य बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

चार वर्षांनी त्यांनी त्याचं पोस्टकार्ड छापलं. मागच्या बाजूला माझं नाव. तू ते सॅस्कटूनमध्ये कुठेतरी पाहिलंस आणि आम्हांला पाठवलंस. पत्ता लिहिलेला, बाकी कोरं. ते आईनेच उघडलं. म्हणजे उघडण्यासारखं काही नव्हतं, उलटून पाहिलं.

ती म्हणाली, "हे क्लेमेन्सचं आहे."

"हो."

"मग कळव त्यांना."

"कळवते."

ती त्यानंतर सहा वर्षं होती. पुन्हा विषय काढला नाही. तिच्या दफनाला तू आलीस, मागच्या बाकावर बसलीस आणि त्याच दिवशीच्या विमानाने गेलीस. मला वाटतं, मी बोलायला येईन म्हणून तू दाराजवळ थोडी थांबली होतीस. मी लोकांना चहा देत होते.

त्या फुलामुळे मला चार वेळा बोलावणी आली. एकदा थेट ऑटावाला नेलं. सगळीकडे मी चावून दाखवलं. अस्वलाचे पंजे, फुलपाखरं, तारे. पाणकमळ कुणी मागितलं की म्हणायचे, ते एकदाच होतं, पुन्हा होत नाही.

दात गेला असता तर कुणाला काही पडताळता आलं नसतं. काल खुर्चीत डॉक्टरने टवक्याचं विचारलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी ज्याला आजार म्हणतेय तो मला सोयीचा आहे.

अडेलाइन


३ जून

क्लेमेन्स,

सोमवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत मी दुरुस्ती वाचली.

मी अकरा वर्षं इथल्या रेडिओवर आहे, हे तुला कुणी सांगितलंय की नाही, माहीत नाही. बॅन्ड ऑफिसच्या मागची खोली, एक माइक, एक फोन. कुणाची बोट वाहून गेली, कुणाकडे पांढरा मासा जास्त आहे, बिंगो किती वाजता, विमान किती उशिरा. चूक वाचली गेली तर दुरुस्ती त्याच वेळेला वाचायची, हा नियम मीच केला. म्हणजे ज्याने चूक ऐकली तो दुरुस्तीही ऐकेल.

मी वाचलं ते असं: "दुरुस्ती. शहरातल्या संग्रहालयात असलेलं पाणकमळ आणि आठ चतुर ही साल अडेलाइनने चावली असं गेली अठरा वर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. ती तिची धाकटी बहीण क्लेमेन्स हिने चावली. या माहितीला स्वतः अडेलाइनने दुजोरा दिला आहे."

आवाज नीट होता. फोन लगेच वाजला. माइक चालूच राहिला होता, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं. पलीकडे मोईझ म्हातारा होता. आता ब्याऐंशी वर्षांचा आहे, कान उत्तम.

"अगं पोरी."

"बोला, मोईझमामा."

"हे बातम्यांत कशाला?"

"दुरुस्ती आहे."

"कसली दुरुस्ती? ते पोस्टकार्ड आलं तेव्हा माझी म्हातारी म्हणाली, अडेलाइनच्या फुलाची पिल्लं कुठे गेली? थंडीने मेली वाटतं. आम्ही महिनाभर हसत होतो."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तू बोलशील म्हणून. तुझं फूल, तुझी बहीण, आम्ही मध्ये कशाला? आता हवामान सांग. मला जाळं टाकायचंय."

मी हवामान सांगितलं. वायव्येचा वारा, पाऊस नाही.

काल डॉ. व्हिटकॉम्बशी फोनवर बोलले. सगळं सांगितलं. ती नम्रपणे ऐकत होती. मग म्हणाली, तिला माझ्या भावना समजतात. लोक नात्यासाठी, उपकारासाठी, कधी मरणाच्या भीतीने असं श्रेय देऊन टाकतात, तिने आधीही पाहिलंय. समितीसमोर नुसतं सांगणं चालणार नाही. पुरावा लागेल.

मी तिला पिल्लांबद्दल सांगितलं. तिने पिल्लू म्हणजे काय ते पुन्हा विचारलं. मग म्हणाली, तुम्ही तेच फूल आमच्यासमोर चावा. दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली पाहू. फरक दिसला तर प्रश्नच मिटला.

म्हणजे आता सुळा ११ तारखेपर्यंत तोंडात राहायला हवा. डॉक्टर लेव्हेस्क त्याच विमानाने पुन्हा येईल, असं मॅक्सीनने ठरवून घेतलंय. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

ताप आहे, फार नाही.

अडेलाइन


६ जून

क्लेमेन्स,

कालच्या डाकेत तुझं कार्ड आलं. चौदा वर्षांत तुझं पहिलं. "दात काढून टाक. क्लेमेन्स." तीन शब्द आणि सही.

टपालाचे शिक्के पाहिले. माझ्या पहिल्या चिठ्ठीचं ते उत्तर आहे, दुसरी तुला तोवर मिळाली नसणार. याचे अर्थ दोन होतात. एक, जीव सांभाळ. दुसरा, जाऊ दे, दात गेला की तू सुटलीस, मलाही आता काही नको. मी दोन्ही अर्थांनी वाचून पाहिलं. कार्डावर चित्र धान्याच्या कोठाराचं आहे, त्यावरून काही कळत नाही.

मी दात काढणार आहे. फक्त गुरुवारी, दोन वाजता. दहा वाजता आधी दुसरं काम आहे.

आज सकाळी नॉर्बर्टबरोबर होडीने गेले आणि साल आणली. मोठ्या बेटाच्या पाठीमागचे भूर्ज आता जाड झालेत. पण आतल्या ओढ्याकडे एक कोवळं झाड मिळालं. साल अशी सुटली की सुरीची नीट गरजही पडली नाही. घरी येऊन पापुद्रे वेगळे केले. पहिले सात फाटले. आठवा निघाला. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. तसाच आणखी एक मिळाला.

नॉर्बर्टने साल होडीत ठेवून दिली. परतताना म्हणाला, "त्या वेळी मी तुझं नाव लिहायला नको होतं."

मी म्हणाले, "तू विचारलं होतंस. डोळ्यांनी."

तो म्हणाला, "तू चुलीकडे बघत होतीस."

"हो."

"मला वाटलं, चुलीवरचा बॅनक पाव करपतोय."

अडेलाइन


१२ जून

क्लेमेन्स,

काल दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी सुळा निघाला. डॉक्टर लेव्हेस्कने तो मला दाखवला. मुळाशी काळा होता. तो म्हणतो, आणखी आठवडा थांबले असते तर मला विमानाने इस्पितळात न्यावं लागलं असतं. मॅक्सीन म्हणाली, "मी काय सांगत होते?" आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. गाल सुजलाय. आज रेडिओवर नॉर्बर्ट बोलेल. त्याला आधीच सांगून ठेवलंय, विनोद करायचे नाहीत.

आता आधीचं.

डॉ. व्हिटकॉम्ब माझ्या अंदाजापेक्षा वयाने मोठी निघाली. तिने तुझं फूल सोबत आणलं होतं, दोन काचांमध्ये, लोकरी कापडात गुंडाळून. अठरा वर्षांनी पाहिलं. कडा तपकिरी झाल्यात. एका चतुराच्या शेपटीजवळ बारीक चीर आहे. ठिपके जसे होते तसे आहेत. पाकळ्यांच्या टोकांशी तू दाब कमी केला आहेस, त्यामुळे तिथे उजेड हळूहळू कमी होत जातो. हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर चुलीकडे पाहता आलं असतं का, माहीत नाही.

मी भिंग मागून घेतलं आणि तीनदा पाहिलं. कुठेतरी एखादं पिल्लू असेल, तू खोकत असताना एखादी कड मी पुरी करून दिली असेल, असं मनाच्या कोपऱ्यात होतं. तसं असतं तर "आम्ही" खरं ठरलं असतं. एकही नाही. सगळं तुझं आहे.

मग मी चावायला बसले. तीन घड्या घातल्या. डोळे मिटले. पहिल्या दाबालाच कपाळापर्यंत कळ गेली. फोटोवाला म्हणाला, थांबायचं का. मी हात हलवला. चतुर सोपे असतात, पंखांचे चार फटके आणि शेपूट. पाकळ्यांना वेळ लागला. मध्ये दोनदा तोंडातून रक्त पुसलं. सालीवर थोडं लागलं, ते राहू दिलं.

पुरं झाल्यावर डॉ. व्हिटकॉम्ब म्हणाली, "उघडा ना."

मी घडी मॅक्सीनकडे दिली. व्हिटकॉम्बने विचारलं, तुम्ही का नाही? मी सांगितलं, आमच्या घरात चावणारी उघडत नाही. समोर बसलेली उघडते. तू आणि मी एकमेकींचं उघडायचो, आईचं आपल्यापैकी जी जवळ असेल ती. चावणारीला पहिल्यांदा सालीकडे बघायचं नसतं, उघडणारीच्या तोंडाकडे बघायचं असतं. तिथून कळतं कसं झालंय ते.

मॅक्सीनने तिच्या जाड बोटांनी एकेक घडी सोडवली. तिच्या तोंडावरून मला काही कळलं नाही, कारण तिला त्यातलं काही कळत नाही. खिडकीशी धरल्यावर म्हणाली, "बाई गं, याला तर सगळीकडे पिल्लंच पिल्लं."

दोन्ही साली शेजारी ठेवल्या. भिंगाची गरज पडली नाही. माझं फूल वाईट नाही. पण ते दुसऱ्या माणसाचं आहे, हे दारातून आत येणाऱ्यालाही दिसलं असतं. मोईझमामा दारातून आत आलाच होता. म्हणाला, "हं. बहिणी दिसतात, जुळ्या नाही."

डॉ. व्हिटकॉम्बने बराच वेळ काही लिहिलं. निघताना सांगितलं, ती समितीला अहवाल देईल. समिती सप्टेंबरमध्ये बसते. पाटी बदलली जाईल, यात तिला शंका नाही, पण पक्कं असं तेव्हाच सांगता येईल. मीही तुला तेवढंच पक्कं सांगते. त्यांना तुझं पूर्ण नाव कसं लिहायचं ते हवं आहे. मी दिलं नाही. ते तूच कळव. पत्ता मागे लिहिलाय.

विमान तळ्यावर थांबलेलं असताना दुपारी दीड ते दोन मोकळे होते. फोटोवाला जेवायला गेला होता. माझ्याकडे एक पापुद्रा उरला होता. तो चावला. काय चावलं ते इथे लिहीत नाही. या दाताचं ते शेवटचं. ते कुणी उघडलेलं नाही. मीही नाही.

घडी ओल्या शेवाळात ठेवून चहाच्या डब्यात घातली आहे. डबा उद्या, शनिवारी, गार्थच्या विमानाने जाईल. त्याने तो मालाच्या जागेत न टाकता आपल्या सीटखाली ठेवण्याचं कबूल केलंय. पोस्टातली बाई म्हणते, मंगळवारी दुपारच्या डाकेत सॅस्कटूनला पोचेल. शेवाळ मी दोनदा भिजवलंय. माझ्या अंदाजाने साल बुधवार संध्याकाळपर्यंत मऊ राहील. गुरुवारी उघडलीस तर घडीवर चिरेल.

अडेलाइन